नसलेल्या बेडकाची रात्रफेरी : पाचपैकी चार

जाहिरातीतच स्वच्छ लिहिलं होतं: ज्या बेडकाच्या नावाने ही फेरी काढली आहे तो तुम्हाला दिसणार नाही, कारण १९८१ नंतर तो रानात कुणालाच दिसलेला नाही. माणशी १९० डॉलर, लहान मुलांना निम्मे. जावई म्हणाले, "आई, न दिसणाऱ्या बेडकाचे एवढे पैसे?" मी म्हटलं, वाघ बघायला म्हणून जीपचे पैसे मोजून आपण रानडुक्कर बघून परत येतोच की. तिथं निदान आधी कुणी सांगत नाही.

तर हा त्या फेरीचा लेखाजोखा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये आपली बरीच मंडळी आहेत, डिसेंबर-जानेवारीत त्यांचे आईवडील इकडे येतात, आणि कोआला, समुद्र, थीम पार्क उरकलं की आता यांना कुठं न्यायचं हा प्रश्न घरोघरी पडतो. त्यांच्यासाठी लिहितेय. आयोजकाचं नाव मुद्दाम देत नाही. एकट्या माणसाचा धंदा आहे, आणि ज्या दोन-तीन गोष्टी खटकल्या त्या त्याच्या तोंडावर सांगून झाल्या आहेत. मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. किती बेडकांची पोटं उघडून पोरांना जठर, यकृत, स्वादुपिंड दाखवलं असेल त्याला गणती नाही. आता ते विच्छेदन बंद झालं, बरंच झालं. सांगायचा मुद्दा एवढाच की या फेरीला मी पर्यटक म्हणून कमी आणि बहिःस्थ परीक्षक म्हणून जास्त गेले होते.

आधी ज्या बेडकासाठी हा सगळा खटाटोप, तो काय होता ते सांगते. शास्त्रीय नाव रिओबॅट्राकस सायलस. ब्रिस्बेनच्या उत्तरेला ब्लॅकऑल आणि कोनोंडेल अशा दोन डोंगररांगा आहेत. तिथल्या दाट पर्जन्यवनातल्या खडकाळ ओढ्यांत, साधारण ४०० ते ८०० मीटर उंचीच्या पट्ट्यात तो राहायचा. जगात दुसरीकडे कुठंही नाही. १९७२ मध्ये सापडला, १९७३ मध्ये डेव्हिड लीम यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. मादी पाचेक सेंटिमीटर, नर त्याहून लहान, रंग ओल्या दगडाचा, डोळे वर लागलेले. बराचसा वेळ पाण्यात, दगडांच्या आडोशाला. मुद्दाम वळून बघावं असं त्याच्यात काही नव्हतं. मग त्याच वर्षी नोव्हेंबरात टाकीत ठेवलेला एक बेडूक पाण्याच्या पृष्ठभागाशी आला आणि त्याने तोंडातून जिवंत टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, बाहेर टाकले. क्रिस कॉर्बन, ग्लेन इन्ग्रॅम आणि माइक टायलर या तिघांनी १९७४ मध्ये 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात त्यावर लेख छापला, आणि आमच्या विषयातल्या भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली.

कारण ती मादी स्वतःची फलित अंडी गिळत होती. चिलीतल्या डार्विनच्या बेडकाचा नर पिल्लं गळ्यातल्या स्वरपिशवीत वाढवतो, ते आम्ही वर्गात सांगायचो. पण स्वरपिशवीत आम्ल नसतं. इथं पिल्लं थेट जठरात, जिथं एरवी किडे विरघळतात तिथं. यातली मेख अशी की अंड्यांभोवतीच्या जेलीत प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचं रसायन असायचं आणि पुढे टॅडपोलही तेच द्रव्य सोडायचे. त्याने आईच्या जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होणंच थांबायचं. म्हणजे आईने दया केली असं नाही, पोरांनी आईचं पोट बंद पाडलं. सहा-सात आठवडे हा कारभार चालायचा. टॅडपोल अंड्यातल्या पिवळ्या बलकावरच वाढायचे. वीस-पंचवीस पिल्लं आत, जठर फुगून फुगून फुफ्फुसं दबलेली, आणि मादी कातडीतून श्वास घेत दिवस काढतेय. शेवटी ती तोंड उघडायची, अन्ननलिका ताणायची आणि पूर्ण तयार झालेले इवले बेडूक जिभेवर येऊन बसायचे, तिथून बाहेर. हे कधी कधी दिवसचे दिवस चालायचं. एका मादीला धक्का बसला तेव्हा तिने एका झटक्यात सहा पिल्लं बाहेर फेकल्याची नोंद आहे. आणि मग थोड्या दिवसांत तेच जठर पुन्हा जठर व्हायचं, बाई पुन्हा किडे खायला मोकळी.

तोंडी परीक्षेत "जठराचं कार्य सांगा" म्हटलं की आमची पोरं एका दमात "अन्न साठवणे व पचवणे" म्हणायची. "आणि बाळंतपण" असं कुणी जोडलं असतं तर मी पैकीच्या पैकी दिले असते. कुणी जोडलं नाही.

आता फेरी. दुपारी दोनला मलेनी गावातून निघायचं, रात्री साडेदहाच्या सुमारास परत तिथंच. मोठी फोर व्हील गाडी, आम्ही चौघं (मी, लेक, जावई आणि दहा वर्षांचा नातू), मेलबर्नचं एक निवृत्त जोडपं आणि जीवशास्त्र शिकणारी एक मुलगी. मार्गदर्शक पस्तिशीचा, उन्हाने रापलेला, भरभर बोलणारा. पहिल्या अर्ध्या तासात त्याचे उच्चार पकडायला मला त्रास झाला. लेकीने तसं सांगितल्यावर मात्र त्याने वेग कमी केला आणि शेवटपर्यंत तो वेग सांभाळला. हे फार कमी लोक करतात. आपल्याकडचे वक्ते तर नाहीच.

मध्ये मॉन्टव्हिलला कॉफीसाठी थांबवतो. गाव सुबक आहे, दुकानं महाग आहेत, आणि अर्धा तास निव्वळ फुकट जातो. हा थांबा काढून टाकावा आणि तो वेळ रात्रीच्या ओढ्यावर द्यावा, ही माझी पहिली सूचना.

खरी सुरुवात कोंडालिला राष्ट्रीय उद्यानात होते. वाहनतळावर त्याने एक डबा उघडला आणि त्यातून मादीचं रबरी मॉडेल काढलं. तोंड आ वासलेलं, जिभेवर एक पिल्लू. हातोहात फिरवलं. मेलबर्नच्या काकूंनी "हाऊ स्वीट" म्हणत फोटो काढला. मी चष्मा लावून बघितलं. डोळे बरोबर बसवलेत, वरच्या बाजूला, फुगीर. मुस्कट आखूड, तेही बरोबर. कातडीचा ओलसर बुळबुळीतपणा रबरात कसा काय आणला कोण जाणे, पण आणलाय. आकार मात्र तळहाताएवढा, म्हणजे खऱ्याच्या दुपटीहून मोठा, आणि मागच्या पायांच्या बोटांमधला पडदा निम्म्यावरच थांबवलेला. हा प्राणी जवळजवळ पाण्यातच जगायचा, त्याचा पडदा बोटांच्या टोकापर्यंत होता. मी विचारलं तर तो हसला. म्हणाला, मॉडेल मुलांना हातात धरता यावं म्हणून मोठं केलंय, पडद्याचं मात्र तुम्हीच पहिल्यांदा पकडलंत. मग त्याने वहीत लिहून घेतलं. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी बोटं तपासा आणि मला कळवा.

नातवाचा प्रश्न माझ्यापेक्षा सरस निघाला. "आजी, मग ती एवढे दिवस जेवायची काय?" मी भाषांतर करायच्या आत त्यानेच इंग्रजीत विचारून टाकलं. उत्तर मिळालं: काहीच नाही. आम्ल बंद, जठर भरलेलं, त्यामुळे बाळं बाहेर पडेपर्यंत उपास. यावर मार्गदर्शकाने एक चांगली गोष्ट सांगितली, जी तो सगळ्यांना सांगतो की नाही माहीत नाही. आम्ल आपोआप बंद होतं आणि नंतर पुन्हा सुरू होतं, हे कळल्यावर पोटाच्या अल्सरवर काम करणारे संशोधक या बेडकाकडे डोळे लावून बसले होते. सत्तरच्या दशकात आम्लपित्तावर आजच्यासारखी औषधं सहज मिळत नव्हती. आणि नेमकं तेव्हाच बेडूक संपले. जावयांना ॲसिडिटीचा जुना त्रास आहे, त्यांचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला.

कोंडालिलाची वाट छान आहे. बन्या पाइनची उंच झाडं, पिकाबीन ताडांची दाटी, खाली ओलसर पाचोळा. चढउतार आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, पायऱ्या बऱ्याच आहेत. काही झाडांपाशी थांबवून पानाला हात लावू नका असं तो दरडावतो, आणि ते ऐकावं. ते स्टिंगिंग ट्री. त्यापुढे आपली खाजकुइली परवडली.

वाटेवर पाऊल टाकायच्या आधी बूट धुण्याचा कार्यक्रम असतो. याला लोक कंटाळतात, मेलबर्नचे काका तर घड्याळ बघत होते. मला विचाराल तर अख्ख्या फेरीतला हा सर्वात जबाबदारीने केलेला भाग. आधी ब्रशने चिखल पूर्ण काढायचा, तळव्यातल्या खाचासुद्धा, मग जंतुनाशकाचा फवारा, मग वाळेपर्यंत उभं राहायचं. चिखल राहिला तर फवाऱ्याचा उपयोग नाही, म्हणून तो प्रत्येकाचे बूट उलटे करून बघतो. माझा डावा बूट परत पाठवला. एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाताना हेच सगळं पुन्हा.

कारण कायट्रिड नावाची बुरशी. ती पाण्यातून आणि ओल्या मातीतून पसरते, बेडकाच्या कातडीत वाढते, कातडी जाड होते. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो, श्वास घेतो. तिथलं क्षारांचं गणित बिघडलं की शेवटी हृदय थांबतं. थंड पाणी तिला मानवतं, म्हणून डोंगरावरच्या ओढ्यांतले बेडूक आधी गेले. याच रांगांमधला दिवसा हिंडणारा बेडूक टॉडॅक्टायलस डायर्नस १९७९ मध्ये शेवटचा दिसला. सायलस ब्लॅकऑल रांगेत १९८१ च्या सप्टेंबरात शेवटचा दिसला, आणि पिंजऱ्यातला शेवटचा १९८३ च्या नोव्हेंबरात मेला. आणि बुरशीची ओळख पटली कधी? १९९८ मध्ये. म्हणजे बेडूक गायब होत होते तेव्हा लोकांना जंगलतोड दिसत होती, ओढे उकरणारी मोकाट डुकरं दिसत होती, दुष्काळ दिसत होता, पण काही ओढे अगदी जसेच्या तसे असून रिकामे का झाले याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. १९७४ ला जगाला कळलेला प्राणी, १९८३ ला संपला. आमच्या कॉलेजच्या क्रमिक पुस्तकाची आवृत्ती बदलायला याहून जास्त वर्षं लागायची.

इथं मला आंबोली आठवली. पावसाळ्यात आंबोलीला रात्री गटच्या गट बॅटऱ्या घेऊन ओढ्यात उतरतात, त्यात आमच्या कॉलेजची पोरंही असायची. झाडावरचा मलबार ग्लायडिंग फ्रॉग, कातळावरचा तो पिवळा आंबोली टोड, सगळं बघून झालं की तेच बूट घालून लोक दुसऱ्या घाटात. ही बुरशी पश्चिम घाटातल्या बेडकांवरही सापडलेली आहे. तिथं अजून ऑस्ट्रेलियासारखी सामूहिक मरतूक नोंदलेली नसली तरी एक ब्रश आणि एक फवारा असा किती महाग पडतो? आंबोलीच्या फेऱ्या काढणाऱ्यांनी या माणसाची निदान एवढी नक्कल करावी.

जेवणाचं लिहायलाच हवं. कोंडालिलाहून गाडी केनिलवर्थच्या बाजूने कोनोंडेल रांगेत जाते, बुलूम्बा ओढ्यापाशी. रस्त्यात ओढा ओलांडावा लागतो, साधी गाडी तिथं घालू नये. पोहोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. त्याने घडीचं टेबल मांडलं. नोंदणी करताना आम्ही शाकाहारी दोन असं लिहिलं होतं. शाकाहारी म्हणून आलं काय, तर मांसाहारी रॅपमधून कोंबडी काढून घेतलेला रॅप. कोंबडीचा मसाला आतल्या कोबीला लागलेलाच. लेक म्हणाली, "आई, राहू दे, केळं खा." राहू दिलं, पण १९० डॉलरमध्ये हे बसत नाही. पाचातला एक गुण इथं गेला. नुसतं चीज-टोमॅटोचं सँडविच दिलं असतं तरी चाललं असतं. चहा मात्र चांगला होता, पिशवीचा नव्हे, उकळलेला.

साडेसहाच्या पुढे अंधार पडायला लागला आणि तो माणूसच बदलला. दुपारभर बडबडणारा हा मुलगा ओढ्याकाठी गप्प झाला. बॅटऱ्या बंद करायला लावल्या. आम्ही उभे राहिलो. आधी फक्त पाणी, मग एकेक आवाज वेगळा होत गेला. खोल घशातून एक "वार्क", थोड्या वेळाने पुन्हा "वार्क". हा ग्रेट बार्ड फ्रॉग, मिक्सोफाइस फॅसिओलेटस. मग पलीकडच्या डबक्यातून टॉक-टॉक, तो टस्क्ड फ्रॉग, याच्या नराला खालच्या जबड्यात दोन सुळे असतात. मार्गदर्शकाने मोबाइलवर आवाज टिपून ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या फ्रॉगआयडी या ॲपवर पाठवले. तुम्ही तुमच्या मोबाइलवरूनही पाठवू शकता, तिथले तज्ज्ञ ऐकून जात कळवतात. २०१७ पासून हे ॲप आहे आणि फुकट आहे. नातवाने तिथल्या तिथं उतरवून घेतलं. आता घरामागच्या गटारीतले आवाज तो टिपत असतो.

ग्रेट बार्ड फ्रॉग आम्हाला जवळून दिसला. वाटेच्या कडेला, पाचोळ्यात बसलेला, मुठीएवढा, मांड्यांवर आडवे काळपट पट्टे. आम्ही हातभर अंतरावर वाकलो तरी हलला नाही. याची मादी अंडी घालते आणि मागच्या पायाने लाथ मारून ती ओढ्याच्या काठावर, पाण्याच्या वर उडवते. पाण्यातल्या माशांपासून वाचतात. पुढे पाऊस आला की टॅडपोल वाहून पाण्यात. हे सांगताना मार्गदर्शकाने स्वतःच्या बुटाने हवेत लाथ मारून दाखवली. या बेडकाचा पुढे पुन्हा संबंध येणार आहे, लक्षात ठेवा, असं तो म्हणाला. मीही तेच सांगते.

वाटेत केन टोड भरपूर. १९३५ मध्ये उसावरचे भुंगे खातील म्हणून मुद्दाम आणलेले. भुंगे राहिले बाजूला, हे राज्यभर झाले. नातवाने त्यातल्या सर्वात मोठ्याला "सरपंच" असं नाव दिलं आणि मेलबर्नच्या जोडप्याला त्याचा अर्थ समजावून सांगण्यात जावयांची दहा मिनिटं गेली.

आणि मग 'असा'. हे एका बेडकाचं शास्त्रीय नावच आहे. मी ज्यासाठी पैसे दिले असं आता म्हणेन, तो 'असा डार्लिंग्टोनी'. इंग्रजीत याला हिप-पॉकेट फ्रॉग म्हणतात. ओढ्यापासून दूर, उताराच्या ओल्या पाचोळ्यात, मार्गदर्शकाने आम्हाला चक्क पोटावर झोपायला लावलं. वयाचा मान म्हणून मला एक चटई दिली. मंद लाल उजेडात पानाखालून "एह-एह-एह-एह" असा बारीक, दबका आवाज येत होता. बराच वेळ नुसती पानं. मग एक पान हललं आणि त्याखाली चिंचोक्यासारखा तपकिरी, चकचकीत, दोन सेंटिमीटरचा जीव. उडी मारत नाही, रांगतो. याच्या नराच्या दोन्ही कुशींना, मागच्या पायाच्या वर, कातडीत एकेक फट असते. मादी अंडी ओल्या जमिनीवर घालते. अंडी फुटायच्या वेळेला नर त्या जेलीच्या गोळ्यात स्वतःला माखून घेतो, आणि पांढुरके टॅडपोल वळवळत त्याच्या अंगावरून चढून त्या फटींत शिरतात. दोन-अडीच महिने आत. बाहेर येतात ते बेडूक होऊनच. आमच्या समोरच्या नराची उजवी कूस डावीपेक्षा फुगलेली होती, कातडीखाली काहीतरी हललं असं मला वाटलं, आणि शेजारी झोपलेली ती विद्यार्थिनी "देअर, देअर" असं कुजबुजली तेव्हा खात्री पटली. नातवाने श्वास रोखून धरला होता. मार्गदर्शकाने हात लावला नाही, पान पूर्ण उचललं नाही, फोटोसाठी कुणाला लाइट टाकू दिला नाही. पाच मिनिटं, मग उठा म्हणाला. काकांनी अजून एक फोटो मागितला, नाही म्हणजे नाही.

बघा, गंमत कशी आहे. त्याच डोंगरात, त्याच काळात, पिल्लं अंगात वाढवणारे दोन बेडूक. पाण्यातली आई गेली. पाचोळ्यातला बाप राहिला. हा 'असा' बेडूक ओढ्यात उतरतच नाही, त्याची पिल्लंही पाण्यात पोहत नाहीत, मग पाण्यातून पसरणाऱ्या रोगाशी त्याची गाठ कमी पडली असावी, असा मार्गदर्शकाचा अंदाज. मला तो पटला. पण त्याने तो अंदाज म्हणूनच सांगितला, सिद्धांत म्हणून नाही, आणि याला मी शिक्षकी पेशातून एक जादा गुण देते.

खटकलं ते शेवटी. परत निघताना गाडीत त्याने टॅब्लेटवर आठेक मिनिटांची फीत लावली, स्वतःच जुळवलेली. विषय: हा बेडूक परत आणायचा प्रयत्न. हकीगत खरी आहे आणि जबरदस्त आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले मायकल आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यात माइक टायलरही होते, सत्तरच्या दशकापासून गोठवून ठेवलेल्या ऊतींमधून सायलसच्या पेशींची केंद्रकं काढली. ती घातली दुसऱ्या जातीच्या अंड्यांत, ज्यांचं स्वतःचं केंद्रक निकामी केलेलं होतं. ती अंडी कुणाची? काठावर लाथेने अंडी उडवणाऱ्या त्या ग्रेट बार्ड फ्रॉगची. काही अंडी विभागू लागली, भ्रूणाची सुरुवात झाली, आणि थोड्या दिवसांत सगळी थांबली. तपासल्यावर त्यांत खरोखर सायलसचा डीएनए निघाला. २०१३ मध्ये हे जाहीर झालं, जगभर मथळे झाले.

एवढं सांगून थांबला असता तर उत्तम होतं. पण फितीच्या शेवटी व्हायोलिन सुरू होतं, सूर्योदय होतो, आणि "लवकरच" अशा अर्थाचं वाक्य झळकतं. २०१३ ला "लवकरच" म्हटलं होतं. अजून एकही टॅडपोल पोहलेला नाही. गाडी थांबल्यावर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, समजा उद्या झालाच तयार, तर सोडशील कुठं? ओढ्यात बुरशी आहेच, म्हणून तर आपण दिवसभर बूट धूत होतो. आणि पहिली पिढी कुणाच्या पोटात वाढवणार? अंडं दुसऱ्या जातीचं, गिळणारी आई कुठंय? तो म्हणाला, पिल्लं जठराबाहेर वाढवता येतात का हे शोधावं लागेल, आणि बुरशीला टिकणारे बेडूक लागतील. पुढे स्वतःच म्हणाला, व्हायोलिन पर्यटकांना आवडतं. मी म्हटलं, आवडू दे, पण तुझ्या जाहिरातीचं पहिलं वाक्य जेवढं खरं आहे तेवढंच शेवटचं असू दे. खांदे उडवले त्याने. वाद घातला नाही, कबूलही केलं नाही.

याच माणसाची दुसरी, तीन दिवसांची फेरीही आहे, मकाय शहराच्या पश्चिमेला युंगेला राष्ट्रीय उद्यानाची. तिथं याच कुळातली दुसरी जात होती, रिओबॅट्राकस व्हिटेलिनस, आकाराने मोठी, पोटावर पिवळे-नारिंगी डाग. १९८४ च्या जानेवारीत सापडली, म्हणजे पहिली जात संपल्याची हळहळ ताजी असताना. सगळ्यांना वाटलं, चला, दुसरी संधी मिळाली. १९८५ च्या मार्चनंतर तीही दिसली नाही. ती फेरी मी केलेली नाही, खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता, त्यामुळे तिच्याबद्दल काही म्हणत नाही. पण तिथला टॉडॅक्टायलस युंगेलेन्सिस हा बेडूक हरवला म्हणून सोडून दिल्यावर १९९२ मध्ये पुन्हा सापडला होता, आणि तो दाखवायचा प्रयत्न करतो असं मार्गदर्शक म्हणाला. कुणी गेलात तर कळवा.

कधी जावं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर डोळे मिटून पैसे भरा. कोरड्या आठवड्यात पाचोळा गप्प असतो, 'असा' बेडूक ऐकूसुद्धा येणार नाही. फार पाऊस झाला तर ओढ्यावरचा रस्ता बंद होतो आणि फेरी रद्द होते, पैसे पूर्ण परत मिळतात असं नोंदणीपत्रात आहे. जळवा आहेत. आंबोली केलेल्यांना त्याचं काही वाटणार नाही. इतरांनी पायजमा मोज्यात खोचावा. लाल उजेडाची बॅटरी तो देतो, स्वतःची पांढरी आणू नका. आठ वर्षांखालची मुलं नेऊ नका, झोपतात आणि मग सगळ्यांना परत फिरावं लागतं. आजी-आजोबा आरामात जाऊ शकतात, फक्त पोटावर झोपून पुन्हा उठायची तयारी हवी. लेकीने हात दिला तेव्हा मी उठले. शाकाहारी असाल तर फोन करून पुन्हा एकदा बजावा, आणि बजावूनही पिशवीत दोन दशम्या असू द्या.